‘उडती जनुके’ नेमकी कोणती?

प्रश्न असा : प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जीवाणूंविषयी लिहिताना प्लाझ्मिड आणि ट्रान्सपोझॉन या दोन्हींना ‘उडती जनुके’ म्हणावे का? आणि ‘जनुकांची देवाणघेवाण’ चालेल का?

‘उडते’ हे विशेषण ट्रान्सपोझॉनपुरतेच, म्हणजे डीएनएत एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी बसणाऱ्या तुकड्यापुरतेच ठेवावे. त्याची उडी बहुधा एकाच पेशीच्या आत असते : गुणसूत्रावरून प्लाझ्मिडवर किंवा एका प्लाझ्मिडवरून दुसऱ्यावर. त्यासाठी लागणाऱ्या ट्रान्सपोझेज या विकराचे (एन्झाइमचे) जनुक त्याच्यापाशीच असते. पेशीबाहेर पडणे मात्र त्याला सहसा जमत नाही. (टीएन ९१६ सारखे काही ट्रान्सपोझॉन जमवतात, पण ते अपवाद.) प्लाझ्मिड उडत नाही. ते गुणसूत्राहून वेगळे, स्वतःच्या प्रती काढणारे, बहुधा वर्तुळाकार डीएनए असते आणि संयुग्मनाने, म्हणजे दोन पेशी एकमेकींना जोडल्या गेल्यावर, शेजारच्या पेशीत पोचते.

हा फरक शब्दांत राखला नाही तर काय घोटाळा होतो ते एमसीआर-१ या जनुकावरून कळते. कोलिस्टिन हे हातचे राखून ठेवलेले औषध निष्प्रभ करणारे हे जनुक प्लाझ्मिडवर असल्याचे २०१५ साली चीनमधून जाहीर झाले. त्याच्या दोन्ही बाजूंना आयएसएपीएल-१ या छोट्या उडत्या तुकड्याची एकेक प्रत असली, तर मधल्या जनुकासकट सगळा ऐवज उडी मारतो. पण अनेक प्लाझ्मिडांवर हे तुकडे पुढे गळून गेलेले आढळतात. तिथे जनुकाची उडी संपली, प्रसार मात्र चालूच, कारण आता ते प्लाझ्मिडबरोबर जाते. अशा जनुकाला ‘उडते’ म्हणणे सरळ चूक आहे.

‘देवाणघेवाण’ मला पटत नाही. संयुग्मनात प्लाझ्मिडच्या दोन धाग्यांपैकी एक ठरावीक जागी तुटतो आणि तेवढाच पलीकडे जातो. मग दोन्हीकडे जोडधागा तयार होतो. देणाऱ्याचे काही कमी होत नाही, बदल्यात काही मिळतही नाही. घेणारा मात्र पुढे स्वतः देणारा होतो. ‘हस्तांतर’मध्येही मूळ मालकाचा हात रिकामा झाल्याचा भास आहे. ‘प्रसार’ म्हणावे, किंवा सरळ ‘प्रत पोचते’.

दोन्हींना मिळून एक नाव हवेच असेल, तर ‘फिरते जनुकीय घटक’. फिरता दवाखाना, फिरते वाचनालय यांमुळे हे ‘फिरते’ कानाला सरावाचे आहे.

जाता जाता, ‘जंतूंना औषधाची सवय होते’ हेही टाळावे. ज्यांच्याकडे रोधक जनुक नाही ते मरतात आणि उरलेल्यांना रान मोकळे मिळते, यात सवय कुठे आली? एकाच प्लाझ्मिडवर चार औषधांची रोधक जनुके असली, तर त्यांतले कोणतेही एक औषध वापरले तरी चारही टिकून राहतात.