वरातीसाठी तिसरी घोडी: औषधपाण्याचे पैसे वाचवून हप्ता भरावा का?

तुमचं पत्र थोडक्यात असं: इंदूरला मंडप-डेकोरेशनचा धंदा, जोडीला वरातीच्या दोन घोड्या. दोघींच्या मिळून वर्षाला साठेक वराती, दर ₹५,१००. लस, जंतनाशक, नालबंद वगैरेंचं वार्षिक बिल ₹५२,०००. ते १५,०००वर आणायचं, वाचणारे ३७,००० हप्त्यात घालायचे, एफडीतला एक लाख मोडायचा, १३ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी दीड लाखाचं कर्ज काढायचं आणि अडीच लाखांची तिसरी घोडी आणायची.

बिल कमी होईल, पण तुम्ही म्हणता त्या जागी नाही. आणि घोडी यंदा नको.

आधी घोडीचा हिशेब. हप्ता महिना साधारण ₹५,०५०, म्हणजे वर्षाला ६०,६००. तुम्हीच लिहिलेल्या महिना ७,००० दराने चारा-दाण्याचे ८४,०००. औषधपाणी, नालबंदीचा तिचा वाटा २६,०००. झाले १,७०,६००, यात पोऱ्याचा पगार धरलेला नाही. हे निघायला तिला एकटीला ३४ नव्या वराती हव्यात. गेल्या हंगामात तारीख जमली नाही म्हणून तुम्ही १२ वराती सोडल्या. त्यांचे ६१,२०० होतात, म्हणजे जेमतेम हप्ता सुटतो. अशा तारखांना दुसऱ्याची घोडी कमिशनवर लावणं कितीतरी स्वस्त.

आता ते ५२,०००. त्यात नालबंद १२,८००, लसी ६,०००, दर दोन महिन्यांनी जंतनाशक ७,२००, दात ५,०००, सर्राचं (माश्यांमधून पसरणाऱ्या, रक्तातल्या परजीवीच्या रोगाचं) इंजेक्शन आणि रक्ततपासण्या ६,०००, आणि टॉनिक-पावडरी तब्बल १५,०००. तुम्ही कात्री लावलीत नालबंद, लसी, जंतनाशक, दात आणि सर्राच्या इंजेक्शन-तपासण्यांना. टॉनिकला हात लावला नाहीत!

नालबंद दर सहा-सात आठवड्यांनी हवाच. डांबरी रस्त्यावर, बँडच्या गर्दीत तासन् तास उभं राहणाऱ्या घोडीचं खूर वाढलं की पुढची बाजू लांबते, टाच खचते, पायाच्या मागच्या कंडरांवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांवर) ताण येतो. एकदा लंगडू लागली की ऐन मुहूर्तातले आठ-दहा दिवस जातात. सहा वराती बुडाल्या तर ३०,६०० गेले. नालबंदाचा दोघींचा वर्षाचा खर्च त्याच्या निम्म्याहूनही कमी. दातांचंही तेच. घोड्याचा दात वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वर येत राहतो. वरच्या दाढांना बाहेरून आणि खालच्यांना आतून धार येते, गाल-जीभ कापते, घोडी चारा चघळून गोळा खाली टाकते. मग तुम्ही दाणा वाढवता आणि तोही अर्धा वाया जातो. वर्षातून एकदा कानशीने घासून घेणं परवडतं.

जंतनाशकात मात्र पैसे वाचतात. दर दोन महिन्यांनी आंधळेपणाने दिलं की जंत औषधाला दाद देईनासे होतात. आधी लिदीतली अंडी मोजून घ्या. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळच आहे. डोस वजनावर ठरवा. छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करा, त्याला खांद्याच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ११,८८०ने भागा. घेर १६५, लांबी १४५ असेल तर वजन ३३२ किलो. आयव्हरमेक्टिन किलोला ०.२ मिलिग्राम, म्हणजे सुमारे ६६ मिलिग्राम, तेही तोंडावाटे. गायी-म्हशींचं इंजेक्शन स्वस्त म्हणून घोडीला टोचू नका. त्या जागी स्नायू सडण्याचा धोका असतो. टॉनिकऐवजी रोज ३० ग्रॅम साधं मीठ आणि डॉक्टर सांगतील तेवढं खनिज मिश्रण. जंतनाशकाचं ३,००० आणि मीठ-खनिजाचं मिळून ३,००० बजेट धरलं तरी बिल ३५,८००वर येतं. वाचले १६,२००.

खरी अडचण वेळेची आहे. चातुर्मासात वराती नाहीत आणि सर्रा पसरवणाऱ्या माश्या पावसाळ्यातच. सर्राचं इंजेक्शन टोचलेली जागा सुजते, त्यामुळे ते बिनकामाच्या दिवसांतच बरं. धनुर्वाताची लस पहिल्यांदाच देत असाल तर चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. देवउठनी (कार्तिकी) एकादशीच्या दोन-तीन आठवडे आधी दुसरा व्हायला हवा. रेबीजचीही त्याच सुमारास. म्हणजे कमाई शून्य आणि खर्च सगळा. चार महिन्यांचा दोघींचा चाराच ५६,००० होतो. म्हणून तो एफडीचा लाख घोडीसाठी मोडू नका. चाऱ्यातून उरलेले ४४,००० पोटशूळासारख्या रात्री-अपरात्रीच्या उपचारांसाठी राहू द्या. हंगामात दर वरातीमागे ₹१,००० वेगळे टाकलेत तर पावसाळ्याला एफडीची गरजही पडणार नाही.

पोटशूळावरून आठवलं. बुकिंगच्या पावतीवर एक ओळ छापा: घोडीला रिवाजापुरती, नवरदेवाच्या वहिनीच्या हातची ओंजळभर भिजवलेली हरभऱ्याची डाळ चालेल, परातभर नाही, आणि मिठाई अजिबात नाही. एकदम पोटात गेलेल्या पिठूळ खाण्याने पोटही दुखतं आणि खुरांच्या आत सूजही येते.

विमा घ्या, पण तो मुख्यतः मृत्यूचा असतो. उपचारांचं बिल सहसा देत नाही. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगामुळे सरकारी आदेशाने घोडी मारावी लागली तर दावा मिळतो का, हे कंपनीकडून लेखी घ्या. त्या रोगावर लस नाही आणि तो माणसालाही होतो. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९च्या कायद्यानुसार बाधित घोडा मारावाच लागतो, म्हणून लग्नाच्या ठिकाणी सामाईक हौदाचं पाणी पाजू नका, आपली बादली न्या.

करात घोडीवर घसारा मिळत नाही. मात्र धंद्यातलं जनावर मेलं किंवा कायमचं निकामी झालं तर, विक्रीतून काही आलं असल्यास ते वजा करून, खरेदी किंमत खर्चात धरता येते. तुम्ही अंदाजित नफ्याच्या पद्धतीने रिटर्न भरत असाल तर हे वेगळं मिळणार नाही, सीएंना विचारा.

पुढच्या हंगामात सोडाव्या लागलेल्या वराती तारखेसह लिहून ठेवा. आकडा ३४च्या वर गेला तर घोडी बघायला जा. पैसे देण्याआधी ग्लँडर्सचा रक्ततपास, दात आणि चारही खुरं डॉक्टरांकडून पाहून घ्या आणि आणल्यावर तीन आठवडे तिला वेगळी बांधा.