हेराल्डच्या चासीवर जॅग्वारची प्रतिकृती : आरसी बुक नेमके कोणत्या गाडीचे?

प्रश्न : माझे शिरोलीला लहान मशिन शॉप आहे. १९६५ सालची एक स्टँडर्ड हेराल्ड मी तिच्या दिवंगत मालकाच्या मुलाकडून विकत घेतली. आरसी बुक अजून वडिलांच्याच नावावर असून नोंदणीची मुदत केव्हाच संपली आहे. हेराल्डची बॉडी उतरवून शेडमध्ये ठेवली आहे. त्या चासीवर जॅग्वार एक्सके १२० सारखी दिसणारी दोन आसनी फायबर बॉडी आणि अपघातग्रस्त स्विफ्टचे १.२ लिटरचे पेट्रोल इंजिन बसवण्याचा विचार आहे. बॉडीचा साचा तयार आहे. इंजिन भंगार बाजारातून कच्च्या पावतीवर घेतले आहे. एक एजंट म्हणतो की, हेराल्डच्या आरसीवरच गाडी पास करून देतो, फक्त इंजिनावरचा नंबर जुळवून घ्यावा लागेल. त्याला आगाऊ रक्कम आणि मूळ आरसी बुक दिले आहे. चासीला अजून हात लावलेला नाही. दोन मित्रांनाही अशाच गाड्या हव्या आहेत. पुढे जावे का?

उत्तर : पुढे जाऊ नये. आपल्या पत्रातली सर्वांत दिलासा देणारी गोष्ट म्हणजे चासीला अजून हात लावलेला नाही. बॉडी उतरवणे हा दुरुस्तीचा भाग असू शकतो आणि उतरवलेली बॉडी पुन्हा चढवता येते. मात्र नव्या इंजिनासाठी चासीवरचे मूळ माउंटिंग कापून दुसरे वेल्ड केले, की कायद्याच्या आणि व्यवहाराच्या दोन्ही दृष्टींनी परतीची वाट बंद होते. म्हणून हे उत्तर वाचून होईपर्यंत तरी वेल्डिंग मशिनला विश्रांती द्यावी.

आपल्या सगळ्या बेताचा पाया ‘चासी नंबर तोच, म्हणजे गाडी तीच’ हा समज आहे. गॅरेजांमध्ये तो इतका रुळलेला आहे की, चांगले जाणकारही तो कायदा म्हणून सांगतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये मात्र असे म्हटले आहे की, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि उत्पादकाने मुळात नमूद केलेला तपशील यांत तफावत पडेल असा कोणताही बदल मालकाने वाहनात करू नये. आपले आरसी बुक उघडून पाहिले असते, तर त्यात चासी क्रमांकाबरोबर बॉडीचा प्रकार, सिलिंडरची संख्या, इंजिनाची घनक्षमता, आसनसंख्या आणि वजन हे रकानेही दिसले असते. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीची, ९४८ सीसीची, छपराची सलून अशी जिची नोंद आहे, ती गाडी ११९७ सीसीची, उघड्या टपाची, दोन आसनी झाल्यावर त्या कागदावर खरा उरतो तो एक चासी क्रमांक. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधून आलेल्या प्रादेशिक परिवहन अधिकारी विरुद्ध के. जयचंद्र या प्रकरणात हाच अर्थ स्पष्ट केला आणि बदलांना मोकळीक देणारा उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द केला. इंजिन बदलता येतच नाही असे नाही. झिजलेल्या इंजिनाच्या जागी त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे दुसरे इंजिन नोंदणी प्राधिकाऱ्याच्या मान्यतेने बसवता येते. दुसऱ्या कंपनीचे, वेगळ्या क्षमतेचे, इलेक्ट्रॉनिक इंधन प्रणालीचे इंजिन त्यात बसत नाही. त्याच कलमाच्या परंतुकाने, म्हणजे अपवाद सांगणाऱ्या भागाने, सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरी यांसाठी, त्या त्या वाहनप्रकाराकरिता मान्यता मिळालेले किट बसवण्याची मुभा दिली आहे. म्हणजे इंधन बदलण्याची वाट कायद्याने ठेवली आहे, पण पेट्रोलचे जुने इंजिन काढून पेट्रोलचेच नवे बसवण्याची नाही. आपल्यासारख्या हौशी माणसाला हे उफराटे वाटेल, आणि माझ्याही मते या बाबतीत कायदा थोडा आखूडच आहे. परंतु तो आज असा आहे.

बदल केल्याचा परिणाम काय, हेही पाहू. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ च्या उपकलम (४) नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. दंडाची रक्कम पाहून ‘भरून टाकू’ असे वाटणे साहजिक आहे, पण खरा धोका कलम ५५ च्या उपकलम (५) मध्ये आहे. खोट्या कागदपत्रांच्या आधारे नोंदणी मिळवली असेल, किंवा वाहनावर कोरलेला इंजिन वा चासी क्रमांक आरसीवरील क्रमांकाशी जुळत नसेल, तर मालकाला म्हणणे मांडण्याची संधी देऊन नोंदणी रद्द करणे प्राधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. तसे झाले, की हेराल्डही गेली आणि जॅग्वारही.

आता एजंटाचा ‘नंबर जुळवण्याचा’ सल्ला. स्विफ्टच्या इंजिन ब्लॉकवरचा कोरीव क्रमांक घासून तेथे हेराल्डच्या इंजिनाचा क्रमांक ठोकणे आणि त्या आधारे सरकारी नोंद करून घेणे, ही बाब मोटार वाहन कायद्याच्या दंडापुरती राहत नाही. ती भारतीय न्याय संहितेतील फसवणूक (कलम ३१८), बनावटीकरण (कलम ३३६) आणि बनावट दस्तऐवज खरा म्हणून वापरणे (कलम ३४०) यांच्या कक्षेत जाते. ‘काम एजंटाने केले, मला ठाऊक नव्हते’ हा बचाव आपल्याला मिळणार नाही, कारण नंबर कोणत्या यंत्राने पडला असेल हे विचारायला तपास अधिकाऱ्याला आपल्या मशिन शॉपच्या बाहेर जावे लागणार नाही. शिवाय आगाऊ रकमेचा काही भाग एखाद्या सरकारी कर्मचाऱ्यापर्यंत जाणार आहे हे माहीत असून ती दिली असेल, तर २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ८ खाली लाच देणाराही आरोपी होतो. जबरदस्तीने द्यावी लागली आणि सात दिवसांच्या आत तक्रार केली, तर संरक्षण आहे. आपल्यावर कोणी जबरदस्ती केल्याचे पत्रात दिसत नाही.

विम्याचा विचार आपण केलेला नाही. हेराल्ड म्हणून काढलेला विमा या गाडीला लागू होईल असे गृहीत धरू नये. महत्त्वाची वस्तुस्थिती दडवून घेतलेली पॉलिसी ही मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १५० खाली विमा कंपनीला मिळणाऱ्या मोजक्या बचावांपैकी एक आहे. जखमी व्यक्तीला आधी भरपाई देऊन ती रक्कम नंतर मालकाकडून वसूल करण्याचा आदेशही न्यायाधिकरण देऊ शकते, आणि ही वसुली लाखांच्या घरात जाते. हेराल्डची मागची चाके स्विंग ॲक्सलवर असतात, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक असेल. वळणावर अचानक ॲक्सिलरेटर सोडला, की बाहेरचे चाक आत मुडपण्याची या रचनेची खोड जुनी आहे, आणि तिला साजेशी ताकद ९४८ सीसीचीच होती. त्याच ॲक्सलवर दुपटीहून अधिक अश्वशक्ती देऊन कोणी दगावले, तर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याच्या, न्याय संहितेच्या कलम १०६ च्या खटल्यात सरकारी पक्षाचे अर्धे काम त्या इंजिनानेच केलेले असेल.

इंजिनाच्या खरेदीबद्दलही एक शंका आहे. कच्च्या पावतीवर घेतलेले इंजिन चोरीच्या गाडीचे निघाले, तर न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली चोरीचा माल बाळगल्याचा प्रश्न उभा राहतो. विक्रेत्याकडून ज्या स्विफ्टचे हे इंजिन आहे तिचा नोंदणी क्रमांक, विमा कंपनीच्या किंवा मालकाच्या विक्रीचा कागद आणि ती गाडी कायमची निकामी झाल्याची आरटीओकडील नोंद मागावी. तो टाळाटाळ करू लागला, तर इंजिन परत करावे.

इंटरनेटवर अशा गाड्या रस्त्यावर धावताना दिसतात, मग आपल्याकडेच अडचण का, असे आपल्या मनात आले असणार. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या एकेका मोटारीची स्वतंत्र तपासणी करून तिला मान्यता देण्याची पद्धत आहे, आणि जिचे वय किंवा मूळ ओळख निश्चित करता येत नाही तिला ‘क्यू’ने सुरू होणारा क्रमांक मिळतो. तिकडे ट्रायम्फ नावाने विकल्या गेलेल्या हेराल्डची स्वतंत्र चासी प्रतिकृती बांधणाऱ्यांची आवडती होती, आणि आपली कल्पनाही बहुधा तिथूनच आली असावी. अमेरिकेने २०१५ च्या कायद्याने लहान उत्पादकांना वर्षाला ३२५ पर्यंत प्रतिकृती विकण्याची सवलत दिली. आपल्याकडे खासगी व्यक्तीने बांधलेल्या एकट्या मोटारीसाठी असे दारच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ प्रमाणे उत्पादकाने नमुना वाहन पुण्याची एआरएआय, मानेसरची आयकॅट यांसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावे लागते, आणि त्यात भारत स्टेज ६ च्या उत्सर्जन चाचण्यांपासून धडकेच्या चाचण्यांपर्यंत सर्व येते. एका गाडीसाठी हा खर्च कोणालाही परवडणारा नाही. गोव्यात बनलेल्या सॅन स्टॉर्मलाही फायबरचीच बॉडी आणि दुसऱ्या कंपनीचे, म्हणजे रेनोचे, इंजिन होते. परंतु ती उत्पादकाने उत्पादक म्हणून बाजारात आणलेली गाडी होती. आपल्या गाडीत आणि तिच्यात कायद्याने पाहिलेला फरक हाच आहे.

‘मग शेतातल्या रस्त्यावरच चालवीन’ असे म्हणाल, तर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ३९ चे शब्द पाहावेत : नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक ठिकाणी ‘किंवा अन्य कोणत्याही ठिकाणी’ चालवता येत नाही. केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेले खास प्रकारचे वाहन ‘मोटार वाहन’ या व्याख्येबाहेर राहते, पण रस्त्यावर धावण्याच्या सर्व साधनांनी सजवलेल्या स्पोर्ट्स कारला त्या अपवादात बसवणे कठीण आहे. प्रतिकृती बांधायचीच असेल, तर ती हेराल्डचा एकही भाग न वापरता, स्वतः बनवलेल्या सांगाड्यावर, केवळ प्रदर्शनासाठी बांधावी आणि नेताना ट्रेलरवरून न्यावी. त्यात कमीत कमी जोखीम आहे.

मित्रांना गाड्या करून देण्याचा विषय मी येथेच संपवू इच्छितो. स्वतःच्या हौसेपुरते बांधणे वेगळे आणि दुसऱ्याला बांधून देणे वेगळे. दुसऱ्याला दिल्याबरोबर आपल्याकडे उत्पादक किंवा विक्रेता म्हणून पाहिले जाईल, आणि कलम १८२-अ च्या उपकलम (१) मध्ये प्रत्येक वाहनामागे एक लाख रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कारावास किंवा दोन्ही आहेत. १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात आलेल्या एक्सके १२० च्या आकारावर डिझाइन कायद्याचा हक्क आज उरलेला नाही, कारण त्याची कमाल मुदत १५ वर्षे आहे. आणि कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे ५० पेक्षा अधिक वेळा औद्योगिक रीतीने उतरवलेल्या, पण नोंदणी न केलेल्या डिझाइनचा कॉपीराइटही संपतो. ट्रेडमार्कचे मात्र तसे नाही. दर १० वर्षांनी नूतनीकरण करत तो कितीही काळ जिवंत ठेवता येतो, आणि कायद्यातील चिन्हाच्या व्याख्येत वस्तूचा आकारही येतो. अमेरिकेत फेरारीने फायबरच्या प्रतिकृती विकणाऱ्याविरुद्ध १९९१ मध्ये अपिलातही असाच दावा जिंकला होता. त्यामुळे झेप घेणारा जॅग्वार किंवा ते नाव बॉनेटवर लावून गाडी विकण्याचा विचार डोक्यातून काढावा. जॅग्वार २००८ पासून टाटा समूहाकडे आहे, तेव्हा नोटीस येण्यास समुद्र ओलांडावा लागणार नाही.

आता जे करता येण्याजोगे आहे आणि जे करावे असे मला मनापासून वाटते, ते सांगतो. आपल्या शेडमध्ये पडलेली हेराल्ड ही आपण समजता त्यापेक्षा मोलाची वस्तू आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत नियम ८१-अ पासून पुढची तरतूद आली. तिच्यानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुन्या, अव्यावसायिक दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. अट अशी की, चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे चालते, आणि नंतरचे नूतनीकरण ५,००० रुपयांत होते. पूर्वी नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक राखण्याची सोयही आहे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे आणि देखभाल इतक्यापुरती ती रस्त्यावर आणता येते. स्पोर्ट्स कारचेही आपण याहून वेगळे काय केले असते? हेराल्डचे मूळ इंजिन आपण विकले नसावे अशी आशा आहे, कारण पत्रात त्याचा उल्लेख नाही. विकले असल्यास आधी तेच शोधून आणावे.

क्रम असा ठेवावा की, प्रथम बॉडी चासीवर चढवून गाडी मूळ रूपात आणावी, कारण तपासणीला ती उभी करावी लागेल. दरम्यान मालकी सरळ करून घ्यावी. वडिलांच्या मृत्यूनंतर गाडी आधी वारसाच्या नावे व्हायला हवी. त्यासाठी मृत्यूच्या दाखल्यासह नमुना ३१ आहे, आणि त्यानंतर आपल्या नावे हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३० आहेत. ज्यांनी गाडी विकली त्यांना भावंडे असतील, तर त्यांची लेखी संमती आताच घ्यावी. पाच-सात वर्षांनी गाडीला भाव आल्यावर बहिणीला हिस्सा आठवल्याची प्रकरणे न्यायालयात कमी नाहीत. आरसीची मुदत संपल्यामुळे विलंबाचा दंड आणि पर्यावरण कर भरावा लागेल, तो भरून मोकळे व्हावे.

एजंटाला आजच नोंदणीकृत टपालाने पत्र पाठवावे. त्यात इतकेच लिहावे की, हे काम करून घेण्याचा माझा विचार नाही, माझ्या वतीने कोणताही अर्ज करू नये, आणि मूळ आरसी बुक सात दिवसांत परत करावे. आगाऊ रकमेचा आग्रह त्या पत्रात धरू नये. ज्या कामासाठी ती दिली ते कामच बेकायदेशीर असल्याने न्यायालयात ती वसूल होणे अवघड आहे. आरसी बुक परत न आल्यास त्या पत्राची प्रत जोडून पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी आणि आरटीओलाही कळवावे. अशा वेळी ‘आरसी हरवले’ असे प्रतिज्ञापत्र करून नमुना २६ वर दुसरी प्रत काढण्याचा सोपा उपाय कोणीतरी सुचवील. तो करू नये : आरसी हरवलेले नाही, ते कोणाकडे आहे हे आपल्याला माहीत आहे, आणि दुसरी प्रत मागण्याचा अधिकार आजच्या घडीला आपला नसून नोंदणीकृत मालकाच्या वारसांचा आहे.