मेस्त्री गेल्यावर कामशाळेचे काय?

कारागिराच्या घरातून येणाऱ्या पत्रांत गोंधळ बहुधा एकच असतो. माणूस गेल्यावर घर, भाट (नारळीची बाग) आणि बँकेतल्या पैशांची विचारपूस लगेच होते. कामशाळेला मात्र कुलूप लागते, आणि ते उघडते तेव्हा भंगारवाला दारात उभा असतो. म्हणून यावेळी याच विषयावरचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. कायद्याबद्दल जे लिहिले आहे ते गोव्यात लागू असलेल्या कायद्याचे आहे. तुमचे कागद पाहिल्याशिवाय कोणीही शेवटचे उत्तर देऊ शकत नाही, मीही नाही.

प्रश्न : वडील समया आणि घंटा ओततात. भट्टी, मुशी, साचे सगळे धाकट्या मुलाला द्यावे, असे त्यांनी स्टॅम्पपेपरवर दोन साक्षीदारांसमोर लिहून कपाटात ठेवले आहे. एवढे पुरे ना? (डिचोली)

नाही. शेजारच्या राज्यातल्या नातेवाइकांचे ऐकून केलेले असे कागद गोव्यात घराघरांत सापडतात. इथे मृत्युपत्र विशेष नोटरीसमोर करावे लागते, किंवा बंद (लिहून मोहोरबंद केलेले) मृत्युपत्र असेल तर त्याची त्यांच्याकडून मान्यता घ्यावी लागते. विशेष नोटरी म्हणजे तुमच्या तालुक्याचे सब-रजिस्ट्रार कार्यालय. यासाठीचा २०१२ चा गोव्याचा वारसा कायदा २०१६ च्या डिसेंबरपासून लागू आहे.

दुसरी अडचण हिश्शाची. विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते आणि निम्मी मालमत्ता पत्नीचीच असते. उरलेल्या निम्म्यापैकी अर्धा भाग मुलांसाठी राखीव राहतो. समजा दोघांचे मिळून ४० लाखांचे आहे. आईचे २० गेले. वडिलांच्या २० पैकी १० मुलांचे राखीव, म्हणजे मर्जीने द्यायला हातात उरले १०. कामशाळेची किंमत १२ लाख धरली तर ती त्यात बसत नाही. शिवाय सामाईक मालमत्तेतली एखादी ठरावीक वस्तू एकट्याने कोणाच्या नावे लिहिली की त्यावर वाद निघतो. आईनेही आपले वेगळे मृत्युपत्र करणे, इतर मुलांना दुसऱ्या मालमत्तेतून भरपाई देणे, असे मार्ग आहेत. वडील हयात आहेत तोवर दोघांना घेऊन वकिलाकडे जा.

प्रश्न : लग्न करून दिलेल्या मुलीला हत्यारांत हक्क असतो का? (पेडणे)

असतो, मुलाइतकाच.

प्रश्न : बाबा हार्मोनियम बनवत आणि दुरुस्त करत. जाऊन चार महिने झाले. वर्षश्राद्धापर्यंत काही हलवू नये, असे घरचे म्हणतात. एक व्यापारी मात्र सगळे एकदम उचलून खोली रिकामी करून देतो म्हणतो, रोख रक्कमही चांगली आहे. द्यावे का? (माशेल)

देऊ नका. आणि वर्षभर थांबूही नका.

आधी थांबण्याबद्दल. वर्षश्राद्धामागची भावना मी मानतो. पण फोटो काढणे, यादी करणे आणि पटाशीला तेलाचे बोट लावणे यात कोणाचा अनादर होत नाही. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. बंद खोलीत एक पावसाळा गेला की भात्याच्या चामड्याला बुरशी धरते, रंध्यांची पाती गंजतात, भिंतीला टेकलेल्या फळ्यांत वाळवी शिरते. चामडे आणि लाकूड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळणे तर सर्वांत वाईट, ओल आतच कोंडते. सामान जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून दूर ठेवा, आठवड्यातून एकदा कोरड्या दिवशी खोली उघडा. अळशीच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात ठेवल्या असतील तर त्या आजच बाहेर नेऊन पसरून वाळवा. त्या आपोआप पेटतात. स्पिरिट आणि पॉलिशच्या बाटल्याही वेगळ्या करा.

आता व्यापारी. तो ‘एकदम’ का म्हणतो ते समजून घ्या. खोलीतले काय हवे ते त्याला आधीच ठाऊक असते : जुने जर्मन किंवा पॅरिसचे सूर (हार्मोनियममधल्या, आवाज देणाऱ्या धातूच्या पत्त्या), गुजरातमधल्या पालिताण्याचे चांगले सूरसंच, आणि वाळून तयार झालेले सागवान. बाकी सगळे तो टाकून देतो, आणि ते टाकलेलेच बहुतेक वेळा बाबांचे खरे काम असते. पत्र्याचे, पुठ्ठ्याचे, प्लायवूडचे बेढब तुकडे खिळ्याला अडकवलेले दिसतील. ते फर्मे आहेत. पट्टीची रुंदी, भात्याची घडी, सूर बसवायच्या पाटीच्या खाचा यांची मापे त्यांतच असतात, वहीत नसतात. त्यांवर नाव नसते, किंमत नसते, म्हणून चुलीत सर्वांत आधी तेच जातात.

झाडू मारण्याआधी दारातून प्रत्येक भिंतीचे फोटो काढा. मग फळी-फळीचे, खण-खणाचे, शेजारी मोजपट्टी ठेवून. कुठले हत्यार कुठल्या हत्याराशेजारी टांगले होते यावरून त्याचा उपयोग कळतो. एकदा खोक्यात भरले की ते गेले. प्रत्येक वस्तूला कापडाच्या पट्टीवर पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक दोऱ्याने बांधा. चिकटपट्टी लावू नका, ती पॉलिश घेऊन निघते. वहीत क्रमांक, सापडलेली जागा, वस्तू, कोणाची, अवस्था, असे पाच रकाने पुरतात. काहीही घासू नका, पॉलिश पेपर तर मुळीच नको.

दुरुस्तीला आलेल्या पेट्या तुमच्या नाहीत, त्या गिऱ्हाइकांच्या आहेत आणि वारशात धरता येत नाहीत. ॲडव्हान्सची वही शोधा, फोन करा, पोच घेऊन परत द्या. व्यापाऱ्याच्या टेम्पोत त्यांतली एक जरी गेली तरी भरपाई तुमच्या माथी येते.

सूर पाटीवर असतील तर तसेच राहू द्या. सुटे असतील तर क्रमाने पुठ्ठ्यावर मांडून स्वर लिहा, खर्ज (खालच्या सप्तकाचे) आणि नर (त्यावरचे) वेगळे. पत्ती टोकाकडे खरवडली की सूर चढतो, मुळाकडे खरवडली की उतरतो. म्हणजे प्रत्येक पत्ती तिच्या जागेसाठी हाताने जुळवलेली असते. डब्यात एकत्र ओतले की उरते ते पितळेचे वजन.

हे झाले की बाबांचा शिकाऊ, किंवा दुसरा एखादा मेस्त्री बोलवा, आणि तो वस्तू हातात घेऊन काय सांगतो ते मोबाइलवर चित्रित करा. उशीर करू नका, त्यांचीही वये झालेली असतात. किंमत दोन वेगळ्या माणसांकडून, वस्तूगणिक आणि लेखी घ्या. वाटणीपूर्वी एका वारसाने परस्पर विकणे धोक्याचे आहे. सर्व वारसांच्या सह्या हव्यात, आणि त्याआधी वारसा दस्त (वारस कोण ते नोंदवणारा कागद) झाला आहे का हे वकिलाला विचारा. प्रकरण कोर्टात इन्व्हेंटरीला (मालमत्तेची यादी करून वाटणी करण्याच्या कामाला) गेले तर वारसांमध्ये वस्तूंवर बोली लागते. तेव्हा हत्यारे सुटी सुटी नोंदवली की संच फुटतो. ‘हार्मोनियम कामशाळा, जोडलेल्या यादीसह’ अशी एकच नोंद करता येईल का, हे यादी सादर होण्याआधी विचारा. नंतर विचारून उपयोग कमी.

प्रश्न : सासऱ्यांचे सोनारकाम बंद पडले. दुकानात धूळ, फुटक्या मुशी आणि लेबल नसलेल्या बाटल्या आहेत. साफ करून टाकू? (फोंडा)

धूळ टाकू नका. सोनाराच्या जमिनीवरच्या केरात, पाटाच्या फटीत, मुशीच्या आतल्या थरात सोने असते, म्हणून तर झारेकरी (केर धुऊन सोने काढणारे) ते विकत घेतात. केर वेगळ्या पोत्यात भरून वजन करा आणि दोघांकडे दर विचारा. बाटल्यांना मात्र हात लावू नका. तेजाब, पारा, आणखी काहीही असू शकते. वास घेऊन ओळखणे, एकीत दुसरी ओतणे, न्हाणीत रिकामी करणे, तिन्ही जिवावरचे प्रकार आहेत. चालू असलेल्या सोनाराला बोलवून ओळख पटवा आणि घातक कचऱ्याची विल्हेवाट कशी करायची ते प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे विचारा. गिऱ्हाइकांचे दागिने सापडले तर पावतीशी जुळवल्याशिवाय देऊ नका.

प्रश्न : आजोबा घुमटे (मातीच्या भांड्याच्या तोंडावर चामडे ताणून केलेली वाद्ये) मढवत. घरात घोरपडीच्या चामड्याची काही जुनी घुमटे आहेत. घुमट आता राज्याचे वारसा वाद्य आहे, मग ती ठेवायला हरकत नाही, असे एकाने सांगितले. (काणकोण)

ज्याने सांगितले त्याला कायदा माहीत नाही. २०१९ मध्ये घुमटाला वारसा वाद्याचा मान मिळाला तो वाद्याला, घोरपडीच्या कातड्याला नव्हे. घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन वर्षे कैद आहे. वस्तू जुनी आहे, घरातच राहणार आहे, भजनाला वाजवतो, यांपैकी एकही सबब आपोआप चालत नाही.

आजोबांच्या नावे मालकी प्रमाणपत्र आहे का ते आधी जुन्या कागदांत शोधा. वारशाने आलेल्या अशा वस्तूची घोषणा वारसाने ९० दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव संरक्षकांकडे करायची असते. विक्री करता येत नाही. भेट, अदलाबदल, फोटो टाकून ‘कोणाला हवे का’ विचारणे, हेही नको. प्रमाणपत्र नसेल किंवा मुदत गेली असेल तर वकिलाशी बोलून मगच वनखात्याकडे जा, पण जा. रात्री कातडे काढून विहिरीत टाकायचा सल्ला देणारेही भेटतील. त्याने प्रकरण अधिक बिघडते. मातीचे भांडे आणि त्याचा घडवणारा कुंभार यांची माहिती लिहून ठेवा, तो खरा ठेवा आहे. आज घुमटे बकऱ्याच्या चामड्याने मढवली जातात आणि वाजतातही.

प्रश्न : काकांच्या गणपतीच्या चित्रशाळेतले साचे चुलतभावाने नेले. तो त्याच मूर्ती स्वतःच्या नावाने काढतो. पीओपीवर (प्लॅस्टर ऑफ पॅरिसवर) बंदी असल्याने साचेही बेकायदा, असे तो म्हणतो. (म्हापसा)

गोव्यात बंदी पीओपीच्या मूर्तींवर आहे. माती दाबण्यासाठी वापरलेला प्लॅस्टरचा साचा हा वेगळा विषय आहे. चुलतभाऊ दोन गोष्टी एकत्र करतो आहे, कदाचित मुद्दाम.

साचा ही वस्तू, ती वारसांत वाटली जाते. मूर्तीचे मूळ रूप काकांनी स्वतः घडवले असेल तर त्याचा लेखाधिकार (कॉपीराइट) वेगळा, आणि तो कलाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. साचा हातात आला म्हणून तो अधिकार आला असे होत नाही. अधिकार देणे असो वा परवानगी, लेखी आणि सहीने हवी. हस्तांतरात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांची धरली जाते. पण परंपरेने चालत आलेल्या रूपावर कोणा एकाचा हक्क सांगता येत नाही. म्हणून काकांची रेखाटने, तारीख असलेले जुने फोटो, मूळ मातीचा नमुना जे सापडेल ते जपा आणि लेखाधिकाराचे काम करणाऱ्या वकिलाला दाखवा. साचे परत मिळाले तर कोरड्या जागी, दोन्ही अर्धे बांधून ठेवा. ओल धरली की कडा भुसभुशीत होतात आणि पुढच्या मूर्तीचे नाक-डोळे बोथट उतरतात.

प्रश्न : पणजोबांनी जमवलेल्या लाकडी मूर्ती आणि चित्रे मुंबईच्या भाच्याला देता येतील? (सांखळी)

१०० वर्षांहून जुन्या असतील तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली नोंदणी लागते का ते आधी पाहा. मालकी बदलली तर तेही कळवावे लागते. देशाबाहेर नेता येणार नाहीत. विकायच्या असतील तर चार्टर्ड अकाउंटंटला विचारा. वारशावर कर नाही, पण कलावस्तू विकल्यावर भांडवली नफ्याचा कर लागतो.

प्रश्न : सगळे संग्रहालयाला द्यावे असे आम्हा भावंडांना वाटते. ते नाव लावून कायम मांडून ठेवतील ना? (मडगाव)

असे वचन कोणतेही जबाबदार संग्रहालय देत नाही, आणि जे तोंडी देते त्यावर विसंबू नका. संग्रहालयाला पंचवीस सारखे रंधे नको असतात. एक पूर्ण संच, त्या संचाने केलेली एक पुरी आणि एक अर्धवट वस्तू, आणि काम होतानाचे चित्रण, एवढे नीट दिले तर ते घेण्याची शक्यता वाढते. पारंपरिक अवजारांसाठी बाणावलीचे ‘गोवा चित्र’ आणि पणजीचे राज्य संग्रहालय, हिशेबाच्या वह्या आणि पत्रांसाठी पुराभिलेख खाते किंवा कृष्णदास शामा ग्रंथालय, अशी विचारणा करा. सामान घेऊन दारात जाऊ नका. आधी फोटोंची यादी पाठवा. त्यांना काय हवे, काय नको, वाहतूक कोण करणार, वस्तू पुढे दुसऱ्याला देणार का, हे दानपत्रात यादीसह येऊ द्या. सर्व वारसांच्या आणि आईच्या सह्या नसतील तर ते घेणार नाहीत, आणि घेऊही नये.

प्रश्न : मी ७४ वर्षांचा, खरादीवर लाखेचे काम करतो. मुले परदेशात. मागे गोंधळ नको. सुरुवात कशाने करू? (कुंकळ्ळी)

हा प्रश्न जिवंत माणसाकडून फार क्वचित येतो. आजच सुरू करा.

एक वही घ्या. पहिल्या पानावर दुसऱ्यांचे जे काही तुमच्याकडे आहे ते, आणि तुमचे जे दुसऱ्यांकडे आहे ते. मग कर्ज, गॅस सिलिंडर, वीज मीटर, भाडे, जीएसटी असल्यास त्याचा क्रमांक. त्यानंतर हत्यारे : नाव, कशासाठी, स्वतः केले की विकत घेतले. लाकडाच्या ढिगावर खडूने जात आणि कापल्याचे वर्ष लिहा, तुमच्यानंतर ते कोणालाच कळणार नाही. लाखेच्या रंगांचे प्रमाण, लाख फिरत्या लाकडावर किती दाबायची, कोणते पान कधी लावायचे, हे कोणाकडून तरी मोबाइलवर चित्रित करून घ्या. हात आणि हत्याराचे टोक दोन्ही दिसले पाहिजेत, चेहरा नाही दिसला तरी चालेल. ते चित्रण दोन ठिकाणी ठेवा.

शिकाऊ असेल तर काही हत्यारे हयातीतच द्या, पण पत्नीच्या संमतीने आणि लेखी. हयातीत दिलेले फार झाले तर मुलांच्या राखीव हिश्शाच्या हिशेबात ते पुढे येऊ शकते. कामशाळेची दुसरी किल्ली आणि वही कुठे आहे ते दोन माणसांना सांगा, त्यांतला एक गावातला हवा. मग दोघांनी मिळून वकिलाकडे जा आणि विवाह नोंदणीचा दाखला सोबत न्या, कारण मालमत्तेचा सगळा हिशेब विवाह कोणत्या पद्धतीखाली (सामाईक मालमत्ता की वेगळा करार) झाला त्यावर ठरतो. सब-रजिस्ट्रारकडे त्यानंतर.