एफ.वाय.ला इंग्रजी घेतलंयस? मग हे आधी वाच

शाळा मराठी माध्यमाची होती म्हणून घाबरू नकोस. अडचण शब्दांची कमी, वाचायच्या सवयीची जास्त असते.

कविता आधी मोठ्याने दोनदा वाच, अर्थ नंतर. मग फक्त क्रियापदांखाली रेघ मार. कोण काय करतंय ते कळतं. सुनीत (सॉनेट) असेल तर १४ ओळी मोज आणि वळण, म्हणजे विचार जिथे पालटतो ती जागा, शोध. इटालियन कवी पेत्रार्कच्या धाटणीत ते बहुधा आठव्या ओळीनंतर येतं, शेक्सपिअरच्या धाटणीत अनेकदा शेवटच्या दोन ओळींत. हे वळण सुटलं की उत्तर म्हणजे नुसता सारांश होतो, आणि गुण तिथेच जातात. गाईडं नेमका हाच सारांश देतात.

निबंधात पहिल्या परिच्छेदातच तुझं म्हणणं एका वाक्यात मांड. अवतरण दोन ओळींपेक्षा मोठं नको. त्याखाली त्यातल्या एखाद्या शब्दावर तीन-चार वाक्यं हवीत. अवतरण देऊन थेट पुढे जाणं ही सगळ्यांची चूक.

लिहिताना मराठी आत शिरते. आपल्याकडे ‘च्याविषयी चर्चा’ असते म्हणून ‘डिस्कस अबाउट’ लिहिलं जातं. तिथे ‘अबाउट’ नको. ‘अ’, ‘द’ ही आर्टिकल्स गळतात, कारण मराठीत ती नाहीतच. पेपरची शेवटची दहा मिनिटं फक्त या चुका तपासायला राख.

उताऱ्याचे प्रश्न आधी वाच, उतारा मागाहून.

पुस्तकं विकत घेण्याआधी पणजीला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बघ. १८३२ पासूनची संस्था आहे, शिवाय बसस्टँडपासून चालत जाता येतं.