कुत्र्यामांजरांना कच्चे मांस द्यावे का? ते गोठवून दिल्यास धोका टळतो का?

तुमच्या घरी एक मांजर आणि एक कुत्रा आहे, दोघांनाही तयार खाद्याऐवजी कच्च्या मांसावर ठेवण्याचा तुमचा विचार आहे आणि मांस आधी गोठवले की ते निर्धोक होते हे खरे का, असे तुम्ही विचारले आहे. पशुवैद्यक म्हणून माझे मत असे, की मांस अवश्य द्यावे, पण शिजवून द्यावे. आणि शिजवलेले असले तरी नुसते मांस म्हणजे पूर्ण आहार नव्हे.

रानटी मांजर कुठे शिजवून खाते, हा युक्तिवाद मला वारंवार ऐकायला मिळतो. रानटी मांजर उंदीर खाते तेव्हा हाडे, काळीज, आतडी, रक्त असे बहुतेक सगळेच खाते. आपण तिच्यापुढे ठेवतो तो हाडे काढलेला खिमा असतो. अशा मांसात कॅल्शियमच्या साधारण 15 ते 20 पट फॉस्फरस असतो, तर वाढत्या पिलाला कॅल्शियम हे फॉस्फरसपेक्षा थोडे जास्तच लागते. रक्तातील कॅल्शियम टिकवण्यासाठी मग शरीर ते हाडांतून ओढून घेते. केवळ खिम्यावर वाढलेले पिल्लू आधी खेळणे कमी करते, खुर्चीवर उडी मारायचे टाळते, उचलताच कळवळते, आणि एक्स-रेमध्ये त्याची हाडे इतकी फिकट दिसतात की आजूबाजूच्या मांसापासून ती वेगळी ओळखणे कठीण जाते. मालक मात्र प्रामाणिकपणे सांगत असतात, की डॉक्टर, आम्ही तर याला रोज ताजे मांस घालतो. उलट भरपाई म्हणून रोज भरपूर काळीज दिले, तर मांजरीच्या शरीरात जीवनसत्त्व 'अ' साचत जाते, मानेचे मणके हळूहळू जखडतात आणि मान वळत नसल्यामुळे तिला स्वतःची पाठ चाटून साफ करता येत नाही.

कच्च्याच्या समर्थकांचा एक मुद्दा मात्र दखल घेण्याजोगा आहे. मांजरीला टॉरिन हा घटक अन्नातूनच मिळावा लागतो. तो कमी पडला तर डोळ्यांचा पडदा आणि हृदयाचे स्नायू निकामी होऊ लागतात, आणि मांजरींमधील एका हृदयविकाराचे मूळ या कमतरतेत आहे हे 1987 मध्ये सिद्ध झाले. टॉरिन पाण्यात विरघळते, त्यामुळे मांस उकळून पाणी ओतून दिले की ते बरेचसे वाया जाते. यावरचा उपाय मांस कच्चे ठेवणे हा नसून, ते थोड्या पाण्यात शिजवून रसासकट देणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने टॉरिन पूरक म्हणून घालणे हा आहे. कुत्रा बहुधा टॉरिन स्वतः तयार करतो. शिवाय त्याच्यात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कितीतरी अधिक असतात, हे 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले, त्यामुळे त्याला लांडगा समजून जेवण वाढण्याचे कारण नाही.

आता गोठवण्याविषयी. काही परजीवींचा नाश थंडीने होतो; उदाहरणार्थ, मांसातील टॉक्सोप्लाझ्माच्या गाठी उणे 12 अंश सेल्सियसच्या खाली काही दिवस ठेवल्यास बहुतांशी मरतात. साल्मोनेला, लिस्टेरिया यांसारखे जिवाणू मात्र फ्रीझरमध्ये मरत नाहीत, केवळ थांबून राहतात. विषाणूंचेही तेच. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेतील ओरेगन राज्यात घरातच राहणारी एक मांजर गोठवलेले कच्चे खाद्य खाऊन बर्ड फ्लूने दगावली, आणि त्या खाद्यातील व तिच्या शरीरातील विषाणू एकच असल्याचे तपासणीत आढळले. मला अधिक काळजी वाटते ती माणसांची, कारण साल्मोनेला पोटात असलेला कुत्रा अगदी ठणठणीत दिसू शकतो आणि तरीही त्याच्या विष्ठेतून व लाळेतून जंतू घरभर पसरत राहतात. घरात तान्हे मूल, गरोदर स्त्री, वृद्ध किंवा कर्करोगाचे उपचार घेणारी व्यक्ती असेल, तर हा प्रयोग करूच नये.

कच्च्या हाडांनी दातांवरचे किटण निघते हे खरे, पण दाढांचे तुकडे पडतात आणि पांढरी, खडूसारखी विष्ठा होऊन कुत्रा तासन्‌तास कुंथत बसतो. शिजवलेली हाडे तर अणकुचीदार तुकड्यांत फुटतात, ती देऊच नयेत. अंगावरच्या केसांना येणारी चकाकी बहुतेक वेळा मांसातील चरबीमुळे येते, आणि चरबी शिजवल्याने नाहीशी होत नाही.

घरीच जेवण करून घालायचे असेल, तर मांस आतपर्यंत 74 अंशांवर शिजवा, कांदा-लसूण टाळा, आणि कॅल्शियमचे प्रमाण वजन व वय पाहून पशुआहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्या. एवढे सगळे वाचूनही कच्चेच द्यायचे ठरवलेत, तर प्राण्याला जुलाब लागल्यावर डॉक्टरांना, आणि घरातल्या कुणाला लागले तर त्यांच्याही डॉक्टरांना, ही गोष्ट न विचारता आधीच सांगा.