पीएचडीला गाईड म्हणून नवीन मॅडमना निवडू का?

प्रश्न: कॉलेजात नवीन असिस्टंट प्रोफेसर जॉइन झाल्यात, त्यांचं काम द्राक्षावरच्या डाऊनीवर (केवडा रोगावर) आहे. मला पीएचडी त्यातच करायचीय पण घरचे म्हणतात सिनियर सरच बघ. काय करू? – एक वाचक, पिंपळगाव बसवंत

उत्तर: ताई, विषय जुळतोय ना, मग आधी मॅडमनाच जाऊन भेटा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमानुसार असिस्टंट प्रोफेसरलाही गाईड होता येतं, फक्त नोकरी परमनंट, स्वतःची पीएचडी आणि जर्नलमध्ये छापलेले किमान 3 रिसर्च पेपर हवेत, आणि त्यांना 4 विद्यार्थी घेता येतात, प्रोफेसरला 8, म्हणजे नवीन माणसाकडे जागा रिकामी असायची शक्यता जास्त. रिटायरमेंटला 3 वर्षांहून कमी राहिलेल्या सरांना तर नवीन विद्यार्थी घेताच येत नाही, हे घरी नक्की सांगा! जाताना मॅडमचे पेपर वाचून जा, आणि गोडी छाटणीनंतर (ऑक्टोबरच्या सुमारास फळासाठी होते ती) पाऊस झाला की पानामागे पांढरी बुरशी कशी धरते ते तुम्ही बागेत बघितलेलं असणारच, तेही बोला.