घोडा कुठून आणलास?

अनेक उत्तम आशीर्वाद.

लॅटिनपासून तू जी नवी भाषा घडवतोयस, तिची शब्दांची वही दोन रात्री बसून वाचली. ‘सगळे ध्वनिनियम पाळले, तरी माझी भाषा खोटी का वाटते?’ असं विचारतोस. अरे, घोड्यासाठी तू कोशातला लॅटिन ‘एक्वुस’ घेतलास. कुठला आवाज कसा बदलतो त्याचे नियम चोख लावलेस, पण घोडाच चुकीचा! रस्त्यावरची रोमन माणसं ‘काबाल्लुस’ म्हणत, म्हणजे कामाचं तट्टू. त्याचाच स्पॅनिश काबायो झाला, इटालियन काव्हाल्लो झाला. आपल्याकडे तरी अश्व कुठे उरला? घोटकाचा घोडा झाला. (एक्वुसची मादी मात्र तरली. स्पॅनिशमध्ये घोडीला अजून ‘येग्वा’ म्हणतात.)

शब्द तोंडातून घ्यायचा, कोशातून नाही. आगीला ‘इग्निस’ लिहिलंयस. लोक ‘फोकुस’ म्हणू लागले होते, म्हणजे चूल. स्पॅनिश ‘फुएगो’ त्या चुलीतला. कानाला ‘आउरिस’? एका जुन्या मास्तरानं चुकांची यादी केली होती, ‘अपेंदिक्स प्रोबी’. त्यात तो बजावतो: आउरिस म्हणा, ओरिक्ला नको. मास्तर हरला. स्पॅनिश ‘ओरेखा’ आणि फ्रेंच ‘ओरेय’ त्या ओरिक्लाचीच लेकरं. त्या यादीतला चुकांचा रकाना पाठ कर. पुन्हा सांगतो, कोशातून नाही!

चिडलो, कारण तुझ्या वयात मीही हेच केलं. ग्रंथालयातला लॅटिन कोश पहिल्या पानापासून उतरवून घेतला. तीन वह्या भरल्या. माझ्या भाषेत सेनापतीला चार शब्द होते आणि झाडूला एकही नव्हता. त्या वह्या अजून ठेवल्यात, घरचे हसतात. हसू देत. ध्वनिनियम माझ्या हाताला बसले ते त्याच वह्यांमुळे, तेव्हा ती वर्षं फुकट गेली असं मी कुणाला म्हणू देणार नाही.

पुस्तकी शब्द वर्ज्य आहेत असंही नाही. किल्लीच्या लॅटिन ‘क्लावेम’पासून स्पॅनिशमध्ये कुलपाची ‘याबे’ झाली आणि पुस्तकातून आलेली ‘क्लाबे’ कोडं सोडवायच्या किल्लीला लागली. पोर्तुगिजांकडून आपल्याला चावी मिळाली. ते आता ‘शाव्ह’ म्हणतात, त्यांचा जुना ‘च’ आपण सांभाळलाय. पण दोन्ही किल्ल्या हव्यात, तर आधी कुलपाची घडव.

पुढच्या वेळी चूल, भांडी, नाक, गुडघा पाठव. सिनेट नंतर बघू. वहीवर पेन्सिलीनं बरंच खोडलंय. डोक्याचा ‘कापुत’ तेवढा तसाच ठेवलाय. फ्रेंचांनी डोक्याला मडक्याचा शब्द लावला, पण रोमानियनांच्या धडावर तो ‘काप’ म्हणून अजून आहे.